पहिली मात्रा रिकामी

साखर पेठेत शब्बीरचं दुकान, टेप दुरुस्तीचं.
दुकान कसलं, जिन्याखालची जागा,
एक बल्ब, आणि कानावर पेन्सिल,
कॅसेटची गुंडाळी फिरवायला.

ती कॅसेट कुणीतरी टाकून गेलेलं, न्यायला आलंच नाही.
कव्हर नाही. गाणाऱ्याचं नाव घामानं पुसलेलं.
"ने बे अंबादास," शब्बीर म्हणाला,
"विंग्रजी आहे, पण भांडत नाही."

मी तेव्हा इराबत्तींच्या कारखान्यात, रातपाळीला,
टॉवेलचे चार माग माझ्याकडं.
माग कसा वाजतो हे पूर्व भागात कुणाला सांगायला नको.
तो प्रत्येक मात्रा मारतो. एकही सोडत नाही.
सुट्टीला जेवायला बसलो
तरी डावा पाय ताटापाशी माग चालवायचा.
विडीला दोरा गुंडाळत आई म्हणायची,
"कालु आपरा."
पाय थांबायचा नाही.

आणि हे गाणं.
आधी वाटलं, टेप खराब आहे.
जिथं ठोका पडायला हवा तिथं काहीच नाही,
ड्रमवाला हात उचलून थांबलेला,
आणि गिटार येते ती दोन ठोक्यांच्या फटीतून,
धोटा जावा तशी, सटकन्.

शब्बीरकडं गेलो. म्हटलं, पहिली मात्रा गेलीय.
तो ऐकत राहिला, पेन्सिल चावत.
"गेली नाही. सोडलीय," म्हणाला. "मुद्दाम."

मला आजा आठवला.
तो मार्शल लॉच्या आधीचं सांगायचा,
तीन-चार दिवस या गावात सरकारच नव्हतं.
मी विचारायचो, मग काय वाजत होतं?
घोषणा म्हणेल, बंदुका म्हणेल असं वाटायचं.
तो म्हणायचा, काही नाही रे,
गिरण्या बंद होत्या. कबुतरं ऐकू येत होती.

बाकी गाण्यातलं मला काय कळणार.
फ्रीडम कळायचं, पीस कळायचं,
आणि मधे एक लांब ओऽऽ,
ते कुठल्याही भाषेत कळतं.

मग त्या वर्षी कर्फ्यू लागला.
कशावरून, ते सांगत बसत नाही,
दोन्हीकडं वेगवेगळं सांगतात.
माग बंद. गल्ली बंद. कबुतरंही गप्प.
आईला आवाजाशिवाय झोप येईना.
मी हळू टेप लावला, सेल उतरलेले,
गाणं आणखीच सावकाश, दमलेल्या माणसासारखं.

दारात काठी वाजली.
"काय चाललंय?"
"गाणं, साहेब."
"कुठलं?"
"लांबचं."
तो उभा राहिला. काठी फरशीवर टेकवत ताल धरू लागला,
आणि बरोबर पहिल्यावर मारली.
पुन्हा मारली. पुन्हा पहिल्यावरच.
मी काही बोललो नाही.
कवायतीत आयुष्य गेलेल्याला काय सांगायचं.
"बारीक कर," म्हणाला, आणि पुढच्या दारापर्यंत
सावकाश चालत गेला.

त्याच रात्री टेप अडकली, तुटली.
कर्फ्यू उठल्यावर शब्बीरनं जोडून दिली,
बायकोच्या नेलपॉलिशनं.
एक ओळ कापली गेली. "तेवढी माफ कर," म्हणाला.
त्याच्या शटरचा खालचा भाग काळा झालेला.
मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.
पावसाळ्याआधी तो विजापूरला गेला, मेव्हण्याकडं.

आता पोरगी मोबाईलवर लावते.
"नाना, हे पूर्ण आहे, ऐका. कापलेली ओळपण आहे."
असेल.
ती जागा जवळ आली की मी म्हणतो, जरा पाणी आण गं,
आणि आवाज बंद करतो.
तेवढं शब्बीरचं आहे.

मग पुन्हा सुरू.
ताट समोर, शेंगाचटणी, भाकरी,
आणि डावा पाय
उचललेला,
अजून खाली टेकवलेला नाही.